येशू सर्व सत्तांवर अधिपती आहे, मग करणीची भीती का जात नाही?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्यानं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारे कोल्हापूरजवळच्या एका गावातले, तिसऱ्या पिढीतले ख्रिस्ती. वडिलांना शुगर आहे आणि पायाची जखम कित्येक महिने भरत नाही. म्हैस आटली. चुलत्यांशी बांधावरून वाद चालू आहे. त्यात अवसेच्या दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापाशी कुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं आणि आईनं ठरवूनच टाकलं की ही चुलत्यांचीच करणी. एका प्रार्थनागटाचे ‘ब्रदर’ घरी येऊन सांगून गेले की घराण्यावर शाप आहे; सात शुक्रवार उपास करा, घराच्या चारी कोपऱ्यांना अभिषेकाचं तेल लावा आणि प्रभूच्या कार्यासाठी अमुक रक्कम द्या. यावर त्यांचं विचारणं असं: दर रविवारी आम्ही म्हणतो की येशू सर्व सत्तांवर अधिपती आहे. मग भीती जात का नाही? आमचा विश्वास कमी पडतो का? शाप तोडायला आणखी काही करावं लागतं का?

मी या भागात चर्चचा पाळक म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. हा प्रश्न मी चुलीपाशी बसून ऐकलाय, दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकलाय, शिकलेल्या मास्तरांच्या तोंडूनही ऐकलाय. त्यामुळे पहिल्यांदा एवढंच सांगतो की यात लाजण्यासारखं काही नाही.

वडिलांचा पाय मी पाहिलेला नाही, तुमच्या चुलत्यांना ओळखत नाही आणि ते लिंबू कुणी ठेवलं हे मला इथं बसून सांगता येणार नाही. आईची भीती नुसती भीती आहे की त्यापायी तिची झोप-जेवण सुटलंय, यावरही बरंच अवलंबून आहे. तसं असेल तर तिला डॉक्टरांकडे नेणं हेही प्रार्थनेइतकंच गरजेचं. पण ‘सर्व सत्तांवर अधिपती’ म्हणजे काय, यावर मला ठामपणे बोलता येईल.

माझ्या मते तुमची खरी अडचण येशू पुरेसा मोठा आहे की नाही ही नाही. तो सर्वांत मोठा आहे हे तुमच्या आईलाही मान्य आहे. पण तो वर स्वर्गात मोठा. खाली गावच्या शिवेत चालतं ते दुसऱ्याच कुणाचं, असं मनात कुठंतरी बसलेलं असतं. तारणासाठी येशू, आणि म्हैस, जखम, बांध, अवस यांच्यासाठी आणखी कुणीतरी. हा ‘आणखी’ कधी देवऋषी असतो, कधी तेलाची बाटली घेऊन आलेला ब्रदर. दोघांची भाषा वेगळी, पण धंदा त्या ‘आणखी’वरच चालतो.

कलस्सै गावात नेमकं हेच झालं होतं. आजच्या तुर्कस्तानातलं, लावदिकीयाजवळचं हे गाव. तिथल्या विश्वासणाऱ्यांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं कधी गेलेला नव्हता. एपफ्रास नावाच्या माणसानं तिथं सुवार्ता नेली. लोकांनी ख्रिस्ताला मानलं, पण मनातली धाकधूक गेली नाही. मग कुणी देवदूतांची पूजा सुरू केली, कुणी नवचंद्राचे दिवस पाळू लागलं, कुणी ‘हे शिवू नको, ते चाखू नको’ असे नियम लावून घेतले. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचून बघा, सगळं तिथं आहे. नवचंद्र म्हणजे अवस सरल्यावरचा दिवस, हे तुमच्या आईला वेगळं सांगायला नको.

आता पौल काय करतो ते पाहा. त्या सत्ता नाहीतच, असं तो म्हणत नाही. त्यांची यादी करून प्रत्येकीवर वेगळा उताराही सांगत नाही. पहिल्या अध्यायात तो एवढंच म्हणतो की आकाशातलं आणि पृथ्वीवरचं, दिसणारं आणि न दिसणारं, राजासनं असोत की अधिकार, सगळं ख्रिस्ताच्या द्वारे आणि त्याच्यासाठीच निर्माण झालं. म्हणजे स्वतःच्या जिवावर उभी असलेली अशी एकही सत्ता उरत नाही. आणि दुसऱ्या अध्यायात: जो सर्व सत्तांचं मस्तक आहे, त्याच्यामध्ये तुम्ही पूर्ण झालेले आहात. पूर्ण झालेल्यात भर कशाची घालणार?

हे वाचून दाखवलं की लोक माना डोलावतात आणि भीती तशीच राहते. एका घरी गेलो तेव्हा माणसं मागच्या दारानं ये-जा करत होती. पुढच्या उंबऱ्यापाशी एक घमेलं पालथं घातलं होतं. कुणी बोलेना. घमेलं उचललं तर खाली वाळून काळं पडलेलं लिंबू, त्याला मुंग्या लागलेल्या. मी टाचण्या उपसून कागदात गुंडाळल्या, पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून, लिंबू उकिरड्यावर टाकलं आणि त्याच उंबऱ्यावर बसून चहा मागितला. तेव्हा घरातली आजी म्हणाली, “तुमास्नी काय हुईत न्हाई, तुमी पाळक. आमचं काय?”

सगळा प्रश्न त्या आजीच्या वाक्यात आला. येशूचा अधिकार तिला मान्य होता, पण तो पाळकाकडे ठेवलेला, तिच्या वाट्याला न येणारा. ब्रदर लोकांची सद्दी चालते ती याच समजुतीवर. पौलानं ‘तुम्ही पूर्ण झालेले आहात’ लिहिलं ते पाळकांच्या परिषदेला नव्हे. त्याच पत्रात तो बायकांना, पोरांना, दासांना थेट उद्देशून बोलतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसलेली ही माणसं होती आणि ते वाक्य त्यांच्यासाठी होतं.

आता मुळाशी येतो. ख्रिस्तानं सत्तांना जिंकलं म्हणजे नक्की काय केलं? लोकांच्या डोळ्यासमोर ताकदीची झटापट येते, म्हणून थोडं काही वाईट झालं की वाटतं, आज दुसरी बाजू भारी पडली. पौल वेगळंच सांगतो. दुसऱ्या अध्यायाच्या 14 व्या वचनात एक ऋणपत्र आहे, आपल्याविरुद्धचं. ते खोडलं गेलं, वधस्तंभाला खिळून रद्द झालं. आणि लगेच 15 व्या वचनात: सत्तांची शस्त्रं काढून घेतली, त्यांची उघड शोभा केली. हा क्रम महत्त्वाचा. आधी कागद गेला, मग सत्ता निःशस्त्र झाल्या.

तुम्ही शेतकरी घरातले, म्हणून सातबाऱ्याचंच उदाहरण घेऊ. इतर हक्कांच्या रकान्यात बोजा असेल तोवर घेणेकरी दारात आला की आपली मान खाली जाते, कारण त्याच्या हातात कागद असतो. कर्ज फिटलं, बेबाकीचा दाखला मिळाला, फेरफार होऊन बोजा उतरला, की तोच माणूस दारात उभा राहून कितीही ओरडला तरी ओरडण्यापलीकडे त्याच्याकडे काही नसतं. ओरडणं त्रासदायक आहेच. पोरं घाबरतील, शेजारी जमतील. पण जमीन जात नाही. शास्त्रात सैतानाला दोष देणारा म्हटलंय ते प्रकटीकरणाच्या 12 व्या अध्यायात. त्याचं सगळं बळ आपल्या गुन्ह्याच्या कागदावर होतं. ‘तुझ्या आजोबांनी हे केलं, तुझ्या घराण्यावर हे आहे, तू त्याला लायकच आहेस.’ ब्रदर जे बोलले ते आता पुन्हा आठवून बघा. फिटलेल्या कर्जाची मागणी आहे ती, आणि तीही वधस्तंभाचं नाव घेऊन.

म्हणून ‘घराण्याचा शाप तोडायला आणखी काय करायचं’ याला माझं उत्तर, काही नाही. जे करायचं ते झालेलं आहे. सात शुक्रवार उपास करायला माझी हरकत नाही. देवाजवळ बसायला उपास चांगलाच. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रात आहे, मीही करत आलोय. पण उपास म्हणजे हप्ता आणि तेल म्हणजे कवच असं झालं की त्यात आणि काळ्या दोऱ्यात मला फरक दिसत नाही. आणि जिथं रक्कम ठरवून सांगितली जाते तिथं थांबायचीसुद्धा गरज नाही.

नावाच्या वापराचंही तेच. ‘येशूच्या नावात’ हे शब्द जोरजोरात, वीस-पंचवीस वेळा म्हटले की काम होतं असं काही सभांमध्ये शिकवलं जातं. प्रेषितांच्या कृत्यांचा 19 वा अध्याय वाचा. इफिसात स्कीवा नावाच्या याजकाचे सात मुलगे ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावानं’ म्हणत भुतं काढायला निघाले. तो झपाटलेला माणूस म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्यांना असं बदडलं की उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन ते पळाले. मला हा प्रसंग नेहमी थोडा विनोदी वाटतो, आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकलाही वाटला असावा. पुढचा भाग मात्र गंभीर आहे. त्यानंतर विश्वास ठेवलेल्यांनीच येऊन आपल्या जादूटोण्याच्या पोथ्या चौकात जाळल्या. किंमत काढली तर चांदीची 50,000 नाणी भरली. विश्वास ठेवलेल्यांनी, हे लक्षात घ्या. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी त्या घरात जपून ठेवल्या होत्या, असाव्यात अडीनडीला म्हणून. तुमच्या घरात तसं काही असेल, उशाखालची पुडी, दारावरचं काही, तर ते काढा. शेजाऱ्याच्या दारावरचं मात्र काढायला जाऊ नका.

आता वडिलांची जखम. इथं मी जरा कडक बोलतो. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून दुखत नाही आणि भरतही नाही. दुखत नाही म्हणून माणूस अनवाणी शेतात जातो आणि ती चिघळते. याला करणी लागत नाही. सात शुक्रवार म्हणजे दीड महिना, आणि तेवढ्या वेळात अशी जखम हाडापर्यंत जाऊ शकते. कुणी ‘औषध घेणं म्हणजे अविश्वास’ म्हणालं तर त्याला कलस्सैकरांच्या पत्राचा शेवटचा अध्याय दाखवा. तिथं ‘प्रिय वैद्य लूक’ सलाम पाठवतो. ज्या पत्रात ख्रिस्त सर्व सत्तांचं मस्तक आहे, त्याच पत्रात डॉक्टर शेजारी बसलाय. पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी असतानाच मागं ठेवलं, तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी करूनही काटा निघाला नाही. यांचा विश्वास कमी होता म्हणायची हिंमत कोण करेल? आपल्या भागातल्या मंडळींचा इतिहासही दवाखान्यांशी बांधलेला आहे. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 साली दवाखाना उभा केला तो ख्रिस्ताचा अधिकार मानूनच.

मग अधिपती असून तो बरं का करत नाही, हा प्रश्न उरतोच, आणि मी तो झाकणार नाही. कधीकधी तो बरं करतो, मी पाहिलंय. अनेकदा करत नाही, तेही पाहिलंय, आणि त्याच घरात पुन्हा रविवारी भेटायला गेलोय. इब्रीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात यावर एक प्रामाणिक ओळ आहे: सर्व काही त्याच्या पायांखाली ठेवलंय, पण सर्व काही त्याच्या अधीन झालेलं अजून आपल्याला दिसत नाही. लेखक तिथं थांबत नाही. पण येशू दिसतो, म्हणतो, ज्यानं मरण सोसलं तो. पौल करिंथकरांना लिहितो की शेवटचा शत्रू मरण, आणि त्याचा निकाल अजून लागायचा आहे. म्हणजे राज्य त्याचं आहे आणि युद्ध संपलेलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणायची आपल्याला सवय करावी लागते. ‘सर्व सत्तांवर’ हे वाक्य लिहिणारा पौल तेव्हा कैसराच्या बेड्यांत होता. पत्राच्या शेवटी तो लिहितोच, माझी बंधनं लक्षात ठेवा.

चुलत्यांविषयी. इफिसकरांस पत्रात आहे की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. लोक हे वचन भुतांच्या भीतीसाठी वापरतात. मला त्याचा पहिला उपयोग असा दिसतो की तुमचे चुलते रक्तमांसाचे आहेत, म्हणून ते तुमचे वैरी नाहीत. लिंबू त्यांनीच ठेवलं असं गृहीत धरलं तरी नाही. आणि न ठेवलेलं असेल तर तुम्ही एका निर्दोष माणसावर करणीचा आळ घेताय. नुसतं पाप म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमका माणूस करणी करतो असं भासवून त्याचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणंही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा कायदा धर्म बघत नाही, ब्रदरनाही लागू आहे. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज द्या, आणि मोजणीच्या दिवशी चुलत्यांना चहाला बोलवा. बोलवायचं की नाही हे घरातल्या संबंधांवर ठरेल. जिथं हातघाईवर प्रकरण गेलंय तिथं मी मध्यस्थ घ्यायला सांगतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण अशा प्रश्नामागून हमखास येतं म्हणून सांगतो. येशू सर्वांवर अधिपती म्हणजे आम्ही गावात सर्वांवर, असा अर्थ काही तरुण काढतात आणि दुसऱ्यांच्या देवांविषयी वाटेल ते बोलतात. आपण अंबाबाईच्या गावात, जोतिबाच्या डोंगराच्या सावलीत राहतो. इफिस हेही देवीचंच शहर होतं. तिथं दोन तास लोक ‘इफिसकरांची अर्तमी थोर’ म्हणून ओरडत होते. पौल तिथं दोन वर्षांहून अधिक राहिला, ख्रिस्ताचं प्रभुत्व उघडपणे सांगत राहिला, आणि तरीही नगराचा लेखक सगळ्यांसमोर म्हणाला की या माणसांनी देवळं लुटली नाहीत की आपल्या देवीची निंदा केली नाही. ही साक्ष ख्रिस्ती नसलेल्या अधिकाऱ्याची आहे. आपल्या मंडळीविषयी आपल्या सरपंचांना असं म्हणता येईल का, हे मी वडील मंडळाच्या बैठकीत अनेकदा विचारलंय. उत्तर नेहमी सोपं नसायचं.

आणि त्याच्या अधिकाराचा रंग कसा आहे तेही बघा. योहानाच्या 13 व्या अध्यायात लिहिलंय की पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलंय हे जाणून येशू भोजनावरून उठला. पुढं काय? कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. सर्व सत्ता हातात आल्यावर त्या हातांनी केलेलं पहिलं काम ते. तुमच्या घरात सध्या एक पाय रोज धुवावा लागतोय, कोमट पाण्यानं, साबणानं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून. मला वाटतं, येशूच्या सत्तेखाली जगणं म्हणजे काय हे तुमच्या आईला माझ्या उपदेशापेक्षा तिथं लवकर कळेल.

करायचं काय, तर वडिलांना या आठवड्यातच न्या. कोल्हापूरच्या सी.पी.आर. या सरकारी दवाखान्यात न्या किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण साखर तपासून जखम दाखवा आणि ड्रेसिंगचा वार चुकवू नका. अवसेच्या रात्री आईला एकटी ठेवू नका. त्या वेळी घरात दिवा लावून सगळ्यांनी मिळून कलस्सैकरांचा दुसरा अध्याय मोठ्यानं वाचा, आणि वाचायला आईलाच सांगा, पाळकाला बोलवू नका. भीती एका रात्रीत जाणार नाही. काही घरांत वर्ष लागतं. त्याला विश्वासाची परीक्षा समजून एकमेकांना गुण देत बसू नका. ब्रदर पुन्हा आले तर दारातून हाकलू नका, आत बसवा, चहा द्या. आणि विचारा, ऋणपत्र वधस्तंभाला खिळलं गेलं हे तुम्हाला मान्य आहे का? असेल, तर ही रक्कम कसली?